पाऊण इंच

विश्वास ठेवायचा की नाही, ते वाचून झाल्यावर ठरवा. मी यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. ज्यांच्यावर हे गुजरलं ते माझे सख्खे मेहुणे, आणि थाप मारणं त्यांच्या स्वभावातच नाही.

माणूस इतका मापात राहणारा, की सगळे त्यांना इंच मिस्त्री म्हणतात. स्वतःच्या सावलीलाही टेप लावून बघतील, अशी त्यांची थट्टा चालते.

भुताची गोष्ट म्हटली की रात्र आलीच, असं आपल्याला वाटतं.

ही भर दुपारी घडली.

थंडीचे दिवस. रविवार. वस्तीच्या टोकाला, डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर मिस्त्रींचं गॅरेज. पत्र्याची शेड, खाली सपाट सिमेंट. शेजारचं वेल्डिंगचं दुकान बंद होतं. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

हे नीट लक्षात ठेवा.

शेडमध्ये लेकीची जीप उभी होती. लेक जनावरांची डॉक्टर. पहिलीच नेमणूक डोंगरापलीकडे मिळाली होती, सोमवारी सकाळी हजर व्हायचं होतं. वाटेत नदी, तिच्यावर पूल नाही. पुढे दरीच्या कडेने दगडधोंड्यांचा रस्ता. म्हणून तिने ही जुनी जीप घेतली. आधी ती कोणाची होती, ते विकणाऱ्यालाही धड सांगता आलं नव्हतं.

एका दिवसात दोन कामं होती. रुंद टायर बसवायचे, आणि लांब स्प्रिंगा घालून गाडी तीन इंच उचलायची. कशाला? सोपं आहे. चिखलात काठी रुतते, फळी रुतत नाही. रुंद टायर म्हणजे फळी. आणि गाडी उंच झाली की तिचं पोट दगडांना घासत नाही.

कामाला हात लावण्याआधी मिस्त्री चारही कोपरे मोजतात. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत. गाडी मात्र रिकामी हवी. आत कोणी बसलं, की माप चुकलं.

पुढे अठरा, अठरा. मागे उजवीकडे अठरा.

मागे डावीकडे... सव्वासतरा.

पाऊण इंच कमी.

मिस्त्री हसले. स्प्रिंग जुनी आहे, दमली असेल. लेक म्हणाली, "तुमच्यासारखीच आहे बाबा. जेवण झालं की एका कुशीवर कलते."

दुपारपर्यंत बापलेकीने नव्या स्प्रिंगा घातल्या, टायर चढवले. गाडी जॅकवरून खाली घेतली, चार वेळा मागेपुढे ढकलली. मग टेप.

एकवीस. एकवीस. एकवीस.

मागे डावीकडे... सव्वावीस.

स्प्रिंग नवी कोरी. दुखणं जुनंच.

मिस्त्रींनी विचार केला, डावी स्प्रिंग उजवीकडे घालू आणि उजवी डावीकडे. खोट स्प्रिंगमध्ये असेल, तर ती तिच्यासोबत जागा बदलेल. गाडी पुन्हा स्टँडवर चढली. लेक डबा आणायला घरी गेली. मिस्त्री पाना घेऊन एकटेच गाडीखाली आडवे झाले.

कर्र...

आवाज वरून आला. मागच्या सीटमधून. बसून बसून अवघडलेल्या माणसाने अंग हलवावं, तसा.

पाना थांबला.

आवाजही थांबला.

मिस्त्रींच्या नाकापासून वीतभर वर गाडीचा पत्रा होता. त्या पत्र्यावर, आतल्या बाजूने... काहीतरी सरकलं.

बूट पुढे घ्यावा, तसं.

"आलीस का गं?" त्यांनी विचारलं.



ते बाहेर आले. चारही दारं बंद. काचेतून पाहिलं, आत कोणी नव्हतं. पण मागची डावी गादी दबलेली होती. त्यांनी उजवीकडचं दार उघडून उजवी गादी दाबून सोडली. ती लगेच वर आली.

डावी दाबून बघायला त्यांचा हात पुढे झाला नाही.

उरलेलं काम त्यांनी कसं उरकलं, ते त्यांनाच माहीत. गाडी खाली घेऊन मोजली. उजवीकडे एकवीस. डावीकडे सव्वावीस. खोट जागची हलली नव्हती.

लेक डबा घेऊन आली. मिस्त्री तिला म्हणाले, मागे उजवीकडे जरा बस. ती बसली. त्यांनी टेप लावला.

उजवी बाजू खाली आली. बरोबर सव्वावीसवर.

म्हणजे पाऊण इंच म्हणजे... एक माणूस.

आता मागची दोन्ही टोकं अगदी सारखी झाली होती. दोघंजण शेजारी शेजारी बसल्यासारखी.

"उतर," मिस्त्री म्हणाले. लेक उतरली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिने काय झालं म्हणून विचारलं, तर ते म्हणाले, भूक लागलीय.

मिस्त्रींचा एक नियम आहे. मापात खोट आली तर ती शोधायची, झाकायची नाही. कितीतरी कारागिरांना त्यांनी हे शिकवलं. त्या दुपारी मात्र त्यांनीच खोट झाकली. लेकीला सांगावं, तर ती एकतर हसली असती नाहीतर घाबरली असती, आणि काहीही झालं तरी सोमवारी निघालीच असती. त्यांनी लोखंडाची पाऊण इंच जाडीची एक चकती डाव्या स्प्रिंगखाली बसवली.

चारही कोपरे एकवीस.

लेक खूश झाली. डबे विसळायला मागच्या नळावर गेली. मिस्त्री गाडीपाशी एकटे उरले. ते मागच्या डाव्या काचेशी वाकले. बोलताना आपले हात कधी जोडले गेले, ते त्यांनाही कळलं नाही.

"तुम्ही कोण, मला ठाऊक नाही. पण माझी एकुलती एक लेक आहे. तिला दरीच्या कडेने एकटीने जायचंय. तिच्यासोबत जाऊ नका. सोबतच हवी असेल... तर माझ्याबरोबर या."

काही झालं नाही.

नळाचं पाणी वाजत होतं. मग तेही बंद झालं.

कर्र...

दार उघडलं नाही. पण गाडीची डावी बाजू हळूच वर आली. कोणी उतरल्यावर येते, तशी.

त्यांनी टेप लावला. पावणेबावीस. चकतीमुळे आता ती बाजू पाऊण इंच उंच झाली होती.

लेकीला ते लांबूनच दिसलं. "बाबा, आता हे उलटंच झालं. काढा ती चकती."

"राहू दे," मिस्त्री म्हणाले. "ही बाजू उंच आहे तोवर गाडी ठीक. ज्या दिवशी चारही कोपरे सारखे दिसतील, त्या दिवशी आधी मला फोन कर."

लेक म्हणाली, आयुष्यभर गाड्या सरळ करणारा माणूस आता वाकडी चालवायला सांगतोय, वय झालं म्हणायचं. पण तिने कबूल केलं.

संध्याकाळी मिस्त्री शेडला कुलूप लावून स्कूटरवर बसले. दिवा लावला.

उजेड रस्त्यावर पडलाच नाही.

तो समोरच्या झाडांच्या शेंड्यांवर पडला.

स्कूटर चालवणाऱ्याला हे सांगायला नको. मागे कोणी बसलं, की स्कूटर मागून दबते आणि दिवा वर बघायला लागतो.

मिस्त्रींनी आरसा बाहेरच्या बाजूला वळवला. मागे न बघता घरी आले.

नऊ महिने असे गेले. लेक तिकडे रुळली, नदी ओलांडायला लागली, तिकडच्या गाई-म्हशींची लाडकी झाली. इकडे मिस्त्री शेंड्यांवरच्या उजेडात घरी येत राहिले. गतिरोधक आला की आपोआप हळू व्हायचे. मागच्याला धक्का बसू नये म्हणून.

मग मागच्या महिन्यात, एका संध्याकाळी, त्यांनी दिवा लावला... आणि उजेड सरळ रस्त्यावर पडला.

स्कूटर हलकी झाली होती. मिस्त्री म्हणाले, नऊ महिन्यांत पहिल्यांदा मी गुणगुणत घरी आलो.

स्कूटर लावतात न लावतात, तोच फोन वाजला.

"बाबा, एक गंमत सांगते. तुमची ती बाजू आपोआप बसली. आता गाडी चारही कोपऱ्यांनी सारखी दिसतेय."

"कुठे आहेस?"

"दरीच्या रस्त्यावर. दगड काढायला उतरले होते, तेव्हा दिसलं."

"आत बसू नकोस. गाडीपासून लांब उभी राहा. मी येतोय."

लेक हसणार होती. पण बापाचा असा आवाज तिने आजवर ऐकलेला नव्हता.

मिस्त्री तसेच निघाले. नदीत स्कूटर ढकलत नेली. लेक एका दगडावर बसलेली सापडली, धडधाकट. तिला तिथेच बसायला सांगून ते जीपपाशी गेले आणि मागच्या काचेशी वाकले. ते काय बोलले, ते तिला ऐकू आलं नाही. हात जोडलेले मात्र तिने पाहिले.

पुढे ती त्याच गाडीतून आपल्या कामावर गेली. परवा रजेवर आली होती, तेव्हा मी स्वतः टेप लावला. मागची डावी बाजू पाऊण इंच उंच आहे.

दरीवरून येताना दिवा कुठे पडत होता, हे मी मेहुण्यांना विचारलेलं नाही.

परवाच संध्याकाळी त्यांनी मला घरापर्यंत सोडायची तयारी दाखवली. मी म्हटलं, नको, चालायची सवय बरी.

ते स्कूटरवर बसले होते. थोडे पुढे सरकून.