भरल्या घराचा आवाज

"तुमच्याकडचे मामा आज परत टाकीत पडले की हो!"

वैष्णवी जिन्यातच थबकली. एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात किल्ली. समोर शेजारच्या खोलीतला मुलगा – काखेत हेल्मेट, केसांवर परतीच्या पावसाचे थेंब.

"म... मामा?"

"टीव्हीतले. तोच भाग तीन दिवस लावताय. मला पाठ झालाय. भिंत पातळ आहे ना आपली." तो हसला. "आणि लाइट गेली की तुमच्या घरातली सगळी माणसं एकदम गप्प!"

त्याने गंमत केली होती. तिला मात्र ती गंमत वाटली नाही. म्हणजे याला कळलंय... आत आपण एकट्याच असतो.

ती घाईने आत शिरली आणि दोन्ही कड्या लावल्या.

वैरागहून जुळे सोलापुरात येऊन तिला दोन महिने झाले होते. शाळेच्या ऑफिसात नोकरी, वरच्या मजल्यावर एक खोली. प्रभूशी ठरलेलं लग्न तिनेच मोडलं होतं – साखरपुड्यानंतर पंधरा दिवसांत त्याने तिचा फोन भिंतीवर आपटला, तेव्हा. त्यानंतर नव्या नव्या नंबरांवरून एकच वाक्य यायचं, "सोलापूर काय लई मोठं न्हाय." म्हणून ती घरात पाऊल टाकताच टीव्ही लावायची, दूध आणायला गेली तरी बंद करायची नाही. विनोदी मालिका, माणसांनी भरलेल्या घरांच्या. जिन्यात कुणी आलंच, तर त्याला वाटावं – आत दहा जण जेवायला बसलेत.

चार दिवसांनी ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती, तेव्हा कठड्यापलीकडून आवाज आला, "रागावलात? मी शिवराज. नातेपुत्याचा. नवी पेठेत चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो." ती कपडे झटकत राहिली. "एक मालिका सुचवू? 'पाणी आलं का?' बघा. अख्खी सोसायटी आणि एक नळ. आपल्याकडं चार दिवसाआड पाणी, त्यामुळं हसावं का रडावं कळत नाही."

"...आणि?" तिच्याही नकळत तिने विचारलं.

"'बिनविरोध सासूबाई'. पहिले दोन भाग सोडा, तिसऱ्यापासनं सुना पॅनेल उभं करतात. पण ती 'हसा की राव' नको. नुसते टकलावर आणि जाडीवर विनोद."

वैष्णवीला हसू आलं. मग हातातला ओला टॉवेल पिळत ती हळूच म्हणाली, "जिच्यात पुरुषांचे आवाज जास्त आहेत... अशी आहे का एखादी?"

आपल्या दोरीवर चिमटा लावता लावता शिवराजचा हात थांबला. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं – आणि काहीच विचारलं नाही.

"आहे की," तो सावकाश म्हणाला. "'हद्द कुणाची?'. दोन पोलीस चौक्या, मधोमध एक चोर, आणि त्याला धरायला कुणीच तयार नाही. आठ पुरुष, आठही बोंबलणारे. रोज साडेसातला."

त्या दिवसापासून साडेसात वाजायची ती वाट बघू लागली. ती अलीकडे, तो पलीकडे, मालिका एकच. त्याचा टीव्ही क्षणभर पुढे असायचा, म्हणून त्याचं हसू आधी यायचं... आणि विनोद कळायच्या आधीच ती हसलेली असायची. दुसऱ्या दिवशी गॅलरीत वाद.

"तो लंगडा हवालदार आवडतो वाटतं तुम्हाला?"

"आवडतो. घाबरट आहे, पण पळत नाही."

"घाबरट तर मी पण आहे," तो दोरीकडे बघत पुटपुटला.

तिला ते ऐकून बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच तिला भीती वाटली. मागच्या खेपेलाही सुरुवात गोड बोलण्यानेच झाली होती. दोन दिवस ती गॅलरीत गेली नाही. त्याने हाक मारली नाही. तिसऱ्या दिवशी ती आपणहून गेली.

मग तो गुरुवार. मालिका अर्ध्यावर असताना लाइट गेली. खोली एकदम मुकी झाली. आणि जिन्यावर पावलं वाजली – ओळखीची.

दारावर थाप पडली. "वैष्णवे, उघड! एकटीच हाईस, म्हाईत हाय मला."

अंधारात हातातला फोन निसटला. ती खाली बसून तो चाचपू लागली.

तेवढ्यात गॅलरीतून घोगरा आवाज घुमला, "कोण आलंय रं? हवालदार, बघा जरा!" लगेच दुसरा, चिरका, "साहेब, माझा पाय!" मग तिसरा, खाकरत. तिन्ही आवाज शिवराजचेच होते. मधूनच फाटत होते.

वैष्णवीला कळायला क्षण लागला. मग तिने श्वास भरून घेतला आणि ओरडली, "काका! दारात कोण आहे बघा हो. दादालाही उठवा!"

"आलो गं! माझी काठी कुठंय?"

दारावरची थाप थांबली. मग पावलं धाडधाड खाली गेली. मोटारसायकल सुरू झाली, आणि आवाज लांब लांब होत विरला.

तिने दार उघडलं. शिवराज उभा होता. एका हातात लाटणं, दुसऱ्यात मोबाइलची बॅटरी. लाटणं अजून उगारलेलंच होतं.

"मला लई भीती वाटली," तो म्हणाला.

"मलाही."

मग त्याने लाटणं खाली ठेवलं. "हात... धरू?"

तिनेच हात पुढे केला.

त्याच रात्री तिने वडिलांना फोन करून सगळं सांगितलं, आणि सकाळी पोलीस ठाणं गाठलं. शिवराज सोबत होता, पण बोलली तीच. महिला हवालदाराने एकेक नंबर उतरवून घेतला. "वडील वैरागला. मग इथं तातडीनं कुणाला कळवायचं?"

वैष्णवीने मागे बाकाकडे पाहिलं. शिवराज उठला आणि आपल्या नंबरचा एकेक आकडा सांगू लागला. तीही पहिल्यांदाच ऐकत होती.

बाहेर आल्यावर तिने एकदा रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. भीती काही गेली नव्हती. मग ती म्हणाली, "तुमचा नंबर पाठ झाला मला."

"भीती वाटली की लगेच करा फोन."

"आणि नाही वाटली तर?"

"तर..." तो अडखळला. "तर मग..."

"तरी करणार. रोज." ती चालू लागली, चार पावलांवर वळली. "आणि शिवराज, ते अहो-जाहो पुरे. अगं म्हण मला."

त्याचे कान लालबुंद झाले.

"अगं..." तो म्हणाला, आणि पुढचं वाक्यच त्याला सुचेना.