मोराच्या छातीतलं भोक

"पोरगी चोर हाय, बाई. विषय संपला!" मालोजींनी टेबलावर मूठ आपटली.

भोसरीतल्या त्यांच्या लेझर कटिंगच्या शेडमध्ये कसला चहा नि कसलं पाणी! बसा म्हणायलाही कोणी तयार नव्हतं. सुरेंद्रचं डोकं तापलं होतं. पण गुप्तहेर त्याची बायको पद्मजा, तो आपला सोबतीला. त्यांना बोलावलं होतं उत्कर्षानं.

उत्कर्षा इथली डिझायनर. एका फाटकासाठी तिनं मोर काढला आणि चाकणच्या एका दुकानानं हुबेहूब तोच मोर कापून विकला. तिनंच फाईल विकली, असं मालोजींनी धंदेवाल्यांच्या ग्रुपवर टाकून दिलं. आता तिला या पट्ट्यात कोणी दारात उभं करत नव्हतं.

"हुबेहूब?" पद्मजानं चाकणच्या फाटकाचा फोटो पुढे सरकवला. "मग याच्या छातीत हे वेडंवाकडं भोक कसलं?"

"माझ्या मोरात भोक नाही," उत्कर्षा म्हणाली. "मी फाईल दिली आणि त्याच दिवशी बहिणीच्या लग्नाला नांदेडला गेले. पंधरा दिवसांनी आले, तर गेटवरूनच हाकललं."

"पहिला नग कोणी कापला?"

"मी," मशीनवरचा अवधूत गुरगुरला. "तिची फाईल माझ्या मशीनमध्येच आहे. आता मलापण चोर म्हणा!"

"कापल्यावर तो नग कुठे ठेवला?"

"माझ्या कॅबिनमधी," मालोजी म्हणाले. "पैल्या नगाला मी सोताच्या बोटानं मधोमध ओलं कुंकू लावतो. दोन दिस देवापुढं ऱ्हातो, मग पुसून गिऱ्हाइकाला जातो. बापाच्या येळंपासनं हाय ते. किल्ली माझ्याकडं नि जयदीपकडं."

जयदीप त्यांचा पुतण्या, ऑर्डरी आणायचा. तो खेकसला, "ओ मॅडम, मला कशाला ओढता? ती फाईल मी उघडून पण बघितली नाय. कॉम्प्युटरचा पासवर्डच माहीत नाय मला!"

"चला, हा तरी सुटला," सुरेंद्र पुटपुटला.

"अहो, हाच अडकला!" पद्मजा म्हणाली. "फोटो म्हणजे नुसते ठिपके. फाटकाएवढा केला की फुटतो. मशीनला कापायला रेघा लागतात. ठिपक्यांच्या रेघा करून देणारं सॉफ्टवेअर मिळतं, पण त्याला अक्कल नसते. गडद दिसलं की ते भोक समजतं, मग तो कुंकवाचा ओघळ का असेना! म्हणजे चाकणला फाईल गेलीच नाही. गेला तो कुंकू लावलेल्या नगाचा फोटो."

पद्मजा एकेक बोट मोडत मोजू लागली.

"उत्कर्षा तेव्हा नांदेडला. अवधूतकडे स्वच्छ फाईल, मालोजीरावांना ती मागितली की मिळते. हे दोघं फोटो कशाला पाठवतील? फोटो त्यानंच काढला, ज्याला कॅबिन उघडता येते, पण फाईल उघडता येत नाही."

जयदीपचा चेहरा पडला. "काका, एकच फोटो पाठवला हो..."

मालोजींनी त्याच्याकडे पाठ फिरवली. मग ते उत्कर्षाला म्हणाले, "उद्यापासनं ये कामाला. घरातली गोष्ट घरात ऱ्हाऊ दे."

"ग्रुपवर लिहा. आत्ता."

"लिवतो की. उत्कर्षानं चोरी केली न्हाई."

"कोणी केली, तेही लिहा."

"सख्ख्या भावाचं पोर हाय गं. नाव लिवायलाच पायजे का?"

"माझं लिहिताना मला विचारलं होतं?"

सुरेंद्रला त्या म्हाताऱ्याची कीव आली, आणि तिच्या जागी मी असतो तर गप्प बसलो असतो, याची लाजही वाटली. मालोजींनी एकेक अक्षर शोधत पुतण्याचं नाव लिहिलं आणि पाठवून दिलं. उत्कर्षानं आपल्या फोनवर ते नीट वाचलं, पर्स उचलली आणि कामाबद्दल एक शब्दही न बोलता ती शेडबाहेर पडली.