एका वाक्याचा विमा

“हा दंतवैद्य चांगले दात मुद्दाम उपटतो.” ‘निर्भीड’ नावाच्या पॉडकास्टवर हे एक वाक्य गेलं आणि दंतवैद्याने अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. निवेदकाने तातडीने विमा कंपनीकडे धाव घेतली. असली निर्भीड माणसं आधी विमा उतरवून मगच तोंड उघडतात.

कंपनीने एका खासगी गुप्तहेर बाईंना नेमलं आणि सोबत आपला अधिकारी दिला. अधिकारी सज्जन होता. डोकं मात्र जपून वापरायचा.

“वाक्य नजरचुकीने गेलं असेल तर भरपाई आम्ही देऊ,” तो गाडीत म्हणाला. “जाणूनबुजून घातलं असेल तर एक छदामही नाही.”

“तुम्ही तो भाग ऐकलात?”

“ऐकला की. पाहुण्याशी गप्पा आहेत. रिकाम्या हौदात बसल्यासारखे दोघं घुमतात. नशीब, ते वाक्य तेवढं स्वच्छ ऐकू आलं.”

बाईंनी तेवढं वहीत टिपून घेतलं.

स्टुडिओ म्हणजे निवेदकाच्या घरातली मागची खोली. चारही भिंतींवर जाड रजया टांगलेल्या. बाईंनी टाळी वाजवून पाहिली. आवाज जागीच विरला.

“सोमवारी पाहुण्याशी बोलता बोलता तोंडून निसटलं,” निवेदक छातीवर हात ठेवून म्हणाला. “मेहुणीला बजावलं होतं, हे काप म्हणून. तिने कापलं नाही आणि गुरुवारी तसंच प्रसारित झालं. घरचीच आहे हो, पण सत्य ते सत्य!”

संकलनाचं काम मेहुणीकडे होतं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

“असलं वाक्य त्यात नव्हतंच. मंगळवारी मी भाग पूर्ण करून भाऊजींना दिला. मूळ रेकॉर्डिंग त्यांच्या संगणकात होतं, ते आता पुसलंय. हा ठपका बसला तर मला पुन्हा काम कोण देणार?”

“झालं हिचं नाटक सुरू,” निवेदक म्हणाला.

तेवढ्यात त्याची बायको पाणी घेऊन आली.

“रजया छान स्वच्छ ठेवल्यात,” बाई तिला म्हणाल्या.

“आत्ता स्वच्छ दिसतात! वास मारायला लागल्या होत्या. तो पाहुणा यायच्या आदल्या दिवशी, रविवारी धुलाईला टाकल्या, त्या बुधवारी आल्यावर परत टांगल्या. हे चिडले, पण मी कुठली ऐकतेय!”

बाईंनी पेला खाली ठेवला. “संपलं आपलं काम.”

“कसं काय?” अधिकारी गोंधळला.

“अहो, कोडं तर तुम्हीच सोडवलंत. सोमवारी भिंती उघड्या होत्या, म्हणून सगळा भाग घुमतो. मग हेच एक वाक्य स्वच्छ कसं? कारण ते सोमवारचं नाही. बुधवारी रजया लागल्यावर कुणीतरी इथे बसून ते एकट्याने बोललं आणि मेहुणीने दिलेल्या भागात चिकटवलं. आवाज तर या महाशयांचाच आहे. तोंडून निसटायला यांना दोन दिवस लागले!”

निवेदकाचा चेहरा पडला. “ऐकणारे कमी झाले होते... म्हटलं, जरा खळबळ...”

“बदनामी दंतवैद्याची, पैसे कंपनीचे आणि मान बायकोच्या बहिणीची. तुमचं स्वतःचं काय होतं हो यात?” बाईंना त्याच्याकडे पाहायचीही किळस आली.

अधिकाऱ्याने कागद पुढे सरकवला. “विमा विसरा. मेहुणीचा काही दोष नाही असं लिहा, सही करा आणि तिला वाचून दाखवा.”

निवेदकाने लिहिलं आणि कागदात तोंड खुपसून कसंबसं पुटपुटला.

बायको दारातून हलली नव्हती.

“मोठ्याने वाचा,” ती म्हणाली. “रजया आवाज खातात.”