सांगेपर्यंत पाय काढायचा नाही

त्या दुपारी आम्ही दोघं भाऊ जीपच्या ब्रेकमधली हवा काढत होतो. इतकं साधं काम. लोक अशा गोष्टी सांगताना आधी वादळ आणतात, मग लाइट घालवतात. आमच्याकडे लख्ख ऊन होतं आणि शेजारी कुणीतरी मिक्सर फिरवत होतं.

जीप दादाची. त्याच्याहून वयाने मोठी, चारही चाकं ओढणारी, एका मेकॅनिकच्या बायकोकडून घेतलेली. नवरा गेल्यापासून तिच्या दारात नुसती उभी होती. आमच्या घरासमोर फाटकापर्यंत उतार आहे. त्या उताराच्या वरच्या टोकाला दादाने पत्र्याची शेड टाकली आणि सगळ्या सुट्ट्या या गाडीत घातल्या. उंची वाढवली, टायर मोठे घातले, ब्रेक नवे बसवले. हँडब्रेक तेवढा जोडायचा राहिला होता.

वहिनीचे दिवस भरत आले होते. तिचं माहेर डोंगरापलीकडे. रस्ता खचलेला, साधी गाडी जातच नाही. दुसऱ्या दिवशी दादा तिला याच जीपमधून नेणार होता.

"आज चेष्टा नाही," दादाने मला दम भरला. "एक बुडबुडा जरी आत राहिला ना, तर उद्या आम्ही तिघं दरीत."

"तिघं?"

"पोटातलं धर की, गाढवा!"

दम भरायला कारण होतं. आदल्याच आठवड्यात मी याच गाडीखालून नुसते पाय बाहेर काढून, बाजूला सॉस ओतून निपचित पडलो होतो. दादा ढसाढसा रडला होता. व्हिडिओ आहे माझ्याकडे.

तर काम असं असतं. एकाने वर बसून ब्रेकचं पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने खाली झोपून चाकामागचा बारका नट सैल करायचा, म्हणजे हवा आणि ऑइल नळीतून बाटलीत येतं. नट बंद झाला की मगच वरच्याने पाय काढायचा. आधी काढला तर हवा परत आत. म्हणून सगळं बोलून करतात. मी म्हणणार "दाब", तो म्हणणार "दाबलं". मी "सोड", तो "सोडलं". खालचा सांगेपर्यंत वरच्याने पाय काढायचा नाही, आभाळ कोसळलं तरी.

ड्रायव्हरची सीट शिवायला टाकली होती, म्हणून दादा पालथ्या बादलीवर बसला होता. मी खाली, खोक्याच्या पुठ्ठ्यावर. नाकात ग्रीसचा वास, डोळ्यात गंज.

"दाब."

"दाबलं."

"सोड."

"सोडलं."

पुढची चाकं झाली. मी सरपटत मागे गेलो. वरून दादा काहीतरी पुटपुटला, मी "हं" म्हटलं. शेजारचा मिक्सर थांबला. एकदम शांत झालं.

"दाब."

जरा वेळ काहीच नाही. मग अगदी हळू आवाजात... "दाबलं."

रुसला वाटतं, मी मनात म्हटलं. पण काम झकास चाललं होतं. दादा दाबताना धसमुसळेपणा करतो. आता पेडल एका लयीत, सावकाश खाली जात होतं. बाटलीत बुडबुडे येत राहिले. मग थांबले. मी पान्याने नट आवळला.

"झालं बहुतेक," मी म्हणालो.

"अजून आहे..."

"कुठे?"

"डाव्यात..."

डावा नट उघडला. खरंच, एक मोठ्ठा बुडबुडा निघाला. मी खूश! म्हटलं, दादाला शेवटी अक्कल आली. अजून थोडा जोर हवा होता.

"दाब."

"दाबलं."

आणि माझ्या खिशातला फोन वाजला. दादा.

"अरे, कोपऱ्यावरचं दुकान बंद आहे," फोनमधून दादा सांगत होता. मागे हॉर्न, रहदारी. "चौकात आलोय. ऑइल मिळालं. कशाला हात लावू नकोस, ब्रेक ऑइलच्या डबीत थेंब नाहीये. हवा ओढेल."

"तू... वर नाहीयेस?"

"वर कुठे? सांगून गेलो ना! हं म्हणालास की."

मी नट आवळला. का आवळला, माहीत नाही. हाताला सवय. मग पाठीवरच सरपटत बाहेर आलो आणि आत पाहिलं.

कुणी नव्हतं. बादलीसुद्धा नव्हती. बादली घेऊन वहिनी ओसरीवर फरशी पुसत होती. उघड्या बॉनेटखाली ऑइलची डबी काठोकाठ भरलेली. आणि ब्रेकचं पेडल खाली दबलेलं. नुसतंच, कशाखाली तरी.

दादा आला, हातात सीलबंद बाटली. मी सांगितलं. त्याने वाकून पेडल पाहिलं.

"कशाने बांधलंयस?"

"आईशप्पथ, दादा..."

"आईला मध्ये आणू नकोस. वायर आहे की स्प्रिंग?"

त्याने पेडलखाली दोन्ही हात घालून वर ओढलं. हललं नाही. चाकांखालच्या विटा काढून, गिअर न्यूट्रल करून ढकललं. जीप जागची हलेना. मागचे ब्रेकलाइट लालभडक. वहिनी पदराला हात पुसत आली आणि गाडीच्या पुढे, उतारावर उभी राहिली.

"काय हो भावजी, आता काय नवीन?"

"काय केलंयस ते आत्ताच्या आत्ता काढ," दादा म्हणाला.

"काढतो," मी म्हणालो. काय करणार? माझ्याकडे एकच उपाय होता. मी खिडकीपाशी वाकलो आणि हळूच म्हणालो, "सोड."

पेडल वर आलं.

"सोडलं..."

दादाने ऐकलं. वहिनीनेही ऐकलं. तिचा हात पोटावर गेला. आणि जीप निघाली.

दादाने दाराला धरून मागे ओढलं. ती त्यालाच फरफटत घेऊन चालली. वहिनी जागच्या जागी खिळलेली. तिच्या मागे बंद फाटक.

"दाब!" मी किंचाळलो. "दाब, दाब!"

चाकं करकचून थांबली. बंपर वहिनीच्या पोटाला टेकला होता, साडीला सुरकुती पडेल इतपत.

"दाबलं..."

मग वहिनी आडवी सरकत बाहेर आली. चेहरा पांढराफटक.

"भावजी," ती म्हणाली, "आता तुम्ही एक अक्षर बोलू नका."

संध्याकाळी दादाने त्या मेकॅनिकच्या बायकोला फोन लावला. नाव सांगताच तिने एवढंच विचारलं, "सोड म्हणालात का?"

"एकदा," दादा म्हणाला.

ती म्हणाली, "परत म्हणू नका." आणि फोन ठेवला.

वहिनी माहेरी रेल्वेने गेली, मोठा फेरा घालून. बाळ तिकडेच झालं. गोरंगोमटं, दादासारखं चिडकं. आता ती दोघं परत आलीत. जीप उतारावर मधोमध तशीच आहे, तोंड फाटकाकडे. चाकांखाली विटा ठेवल्या तर सकाळी त्या बाजूला रचलेल्या असतात, एकावर एक, व्यवस्थित. बॅटरी दादाने कधीच काढून टाकली. ब्रेकलाइट मात्र पेटलेलेच आहेत.

फाटकातून जायचं तर जीपच्या पुढूनच जावं लागतं. जाताना आतून आवाज येतो, हळू, थकलेला. पाय भरून आल्यासारखा.

"सोडू?"

आम्ही उत्तर देत नाही. आमच्या घरात तो शब्दच कुणी उच्चारत नाही. झाडांना पाणी "उघडतो", बुटाची नाडी "मोकळी करतो". पाहुणे हसतात.

बाळ मात्र ऐकतं. कान टवकारून ऐकतं. सगळ्या घरात त्याच्याशी इतक्या प्रेमाने, रोज एकच शब्द बोलणारं दुसरं कुणी नाही.

काल वहिनी त्याला कडेवर घेऊन फाटकाकडे चालली होती. बरोब्बर बंपरच्या पुढे आल्यावर बाळाने मान वळवली, काचेकडे बघून खुदकन हसलं आणि आयुष्यातला पहिला शब्द बोलायला ओठ गोल केले.

"सो..."

वहिनीने त्याच्या तोंडावर हात दाबला. अजून काढलेला नाही.