तळघरातलं खरं सांगणाऱ्या बाई

हे खरं घडलेलं आहे. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. वाद घालायचं त्राण माझ्यात नाही, आणि जिच्या बाबतीत घडलं तिच्यात तर मुळीच नाही.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती.

ऑक्टोबरातला रविवार होता, दुपारचे दोन वाजले होते आणि बाहेर लख्ख ऊन होतं. गाव टोलीडो, ओहायोतलं. मी इथे बावीस वर्षं राहतेय. मार्लीन पिट्राक आणि मी एकाच दातांच्या दवाखान्यात कामाला आहोत. मार्लीन अठ्ठावन्न वर्षांची एकटी बाई, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. थापा मारणाऱ्यातली ती नाही.

म्हणजे, एक मारली होती. तिथूनच हे सगळं सुरू झालं.

मार्लीनची आई, आयरीन, दोन वर्षांपूर्वी गेली. वडील मागे राहिले. वॉल्टर, वय चौऱ्याऐंशी. त्यांचं डोकं हळूहळू दगा द्यायला लागलं होतं. त्याच्या आदल्या हिवाळ्यात भल्या सकाळी अनवाणी बर्फात निघाले, ते चार गल्ल्या पलीकडे सापडले. मार्लीन राहते तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत आणि दिवसभर कामावर असते. तिच्या जवळच्या वृद्धाश्रमात एक जागा होती. नोव्हेंबर संपेपर्यंत ती राखून ठेवतो म्हणाले, पुढे नाही. आणि आईवडिलांचं घर विकल्याशिवाय ती परवडणार नव्हती.

घर विकलं नाही तर वॉल्टर आणखी एक हिवाळा एकटे. तो त्यांच्याच्यानं निघायचा नाही, हे मार्लीनला दिसत होतं.

मग ती घराच्या मागे लागली. आठ आठवडे, रोज कामावरून थेट तिकडे. घर विकून देणारी डनीस नावाची बाई होती, तोंडानं फटकळ पण कामाची. तिचं म्हणणं एकच, बघायला येणाऱ्याला तिथे स्वतःचा संसार दिसला पाहिजे, तुमचा नाही. म्हणून भिंतीवरचे फोटो उतरले. पोपच्या तसबिरीपासून लोणच्याच्या बरण्यांपर्यंत सगळं खोक्यात गेलं. भिंतींना चिकटवलेल्या फुलाफुलांच्या कागदावर करडा रंग चढला. वॉल्टर खुर्चीत बसून बघत राहायचे आणि विचारायचे, आपण कुणाच्या घरी आलोय?

मार्लीन रंगवत राहायची.

शेवटी राहिलं तळघर. दर एप्रिलला बर्फ वितळलं की तिथे पाणी शिरायचं. गुडघाभर. भिंतीवर त्याची पिवळी रेघ होती. मार्लीननं तिच्यावर पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले.

इथे घर विकताना मालकाला एक फॉर्म भरावा लागतो. घरात काय काय बिघडलेलं आहे ते आपल्याच हातानं लिहून सही करायची. त्यात विचारलं होतं, तळघरात कधी पाणी आलं आहे का?

मार्लीननं वडिलांच्या वतीनं 'नाही'वर खूण केली. पाठ मोडली होती, हात रंगानं माखले होते, आणि नोव्हेंबर जवळ आला होता. मला तिनं हे नंतर सांगितलं, तेव्हा मी तिला नावं ठेवली नाहीत. मीही तेच केलं असतं.

पहिल्या रविवारी घर बघायला खुलं ठेवलं. अशा वेळी मालकानं घरात थांबायचं नसतं. डनीसनं ओव्हनमध्ये दालचिनीची बिस्किटं ठेवली, घरभर वास सुटला. मार्लीन वडिलांना घेऊन डोनटच्या दुकानात जाऊन बसली.

अकरा कुटुंबं आली. सगळ्यांना घर आवडलं. मग एकेक जण तळघरात उतरला...

आणि वर आला तो थेट गाडीकडे गेला.

दुसऱ्या रविवारीही तेच. संध्याकाळी डनीसचा फोन आला. चांगलीच तापली होती.

"मार्लीन, घर विकायचंय ना तुला? मग त्या तुझ्या मावशीला आधी आवर."

"कोण मावशी?"

"तळघरात टॉवेलांच्या घड्या घालत असतात त्या. येईल त्याला भिंतीला हात लावून सांगतात, दर एप्रिलला पाणी इथपर्यंत येतं, लेकरं असतील तर जपा. मी खाली जाईपर्यंत सटकतात. माझ्या तर एकदाही हाती लागल्या नाहीत."

मार्लीनला मावशी नव्हती. कपडे धुवायचं आणि वाळवायचं मशीन तिनं ऑगस्टमध्येच काढून दिलं होतं. तळघरात टॉवेल सोडा, साधं फडकं नव्हतं.

तिनं विचारलं, दिसायला कशा?

लोक सांगत होते तसं डनीसनं सांगितलं. बुटक्या. निळा एप्रन. आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं...

मार्लीननं फोन ठेवून दिला.

आयरीन तसंच बांधायची. आणि तिचा स्वभावही तोच. चर्चच्या विक्रीत स्वतःचा केक विकताना गिऱ्हाइकाला सांगायची, हा खालून करपलाय, पलीकडच्या बाईचा घ्या. नवरा कपाळावर हात मारून घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मार्लीन एकटीच त्या घरी गेली. वॉल्टर वर झोपले होते. तिनं तळघराचं दार उघडलं.

खाली शांतता होती.

ती तीन पायऱ्या उतरली.

फट्...

ओला टॉवेल झटकावा तसा आवाज. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा...

फट्...

ती खाली पोचली तेव्हा तिथे कुणीच नव्हतं. खिडकीतून ऊन आत येत होतं. पांढरी भिंत कोरडी ठणठणीत होती. फक्त गुडघ्याच्या उंचीवर एक ओला पंजा उमटलेला होता. लहानसा, बाईचा. मार्लीननं बाहीनं पुसला. तो गेला...

आणि तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा उमटला.

 गुडघे धरून ती पायरीवर बसली.

"मॉम, मी दमलेय गं," ती म्हणाली. "डॅडना ठेवायला जागा नाही. मी काय करू, तूच सांग."

 पंजा तसाच राहिला.

तिनं वर येऊन नवा फॉर्म भरला. होय, पाणी येतं, दर एप्रिलला, गुडघ्यापर्यंत. डनीसनं तिला चार शब्द सुनावले. आता हे घर कोण घेतं ते बघतेच मी, असंही म्हणाली. मार्लीननं फॉर्म तिच्या हातात ठेवला.

तिसऱ्या रविवारी तळघरात कुणालाच कुणी भेटलं नाही. चौथ्या रविवारी एक तरुण जोडपं आलं. बायकोचं नाव ब्रिजेट, नवरा नळाची कामं करणारा. पाण्याचं वाचून तो हसला. माझा रोजचाच धंदा आहे, म्हणाला. त्यांनी घर घेतलं.

वॉल्टर मुदतीच्या आत वृद्धाश्रमात गेले. खोली उबदार, जेवण वेळेवर. मार्लीन त्या रात्री तेरा तास झोपली. आम्ही दवाखान्यात केक कापला. मला वाटलं, सुटली बिचारी.

जानेवारीत ब्रिजेटचा फोन आला.

तक्रार नाही, ती म्हणाली. घर छान आहे. तुमच्या मावशी मधूनमधून दुपारी येतात, त्याचंही काही नाही, गोड आहेत. फक्त हल्ली त्या एकच विचारतात.

"काय विचारतात?"

"वॉल्टर कुठे आहे म्हणतात. पत्ता द्या, मी त्याला न्यायला आलेय... काय सांगू त्यांना?"

मार्लीननं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. मी शेजारीच होते. ती हळूच म्हणाली, "सांग, मला माहीत नाही."

तेव्हापासून दर आठवड्याला ब्रिजेट फोन करायची आणि दर आठवड्याला मार्लीन तेच सांगायची. मी एकदा म्हटलं, अगं, नंबर बदल. ती म्हणाली, मी नाही उचलला तर ती पोरगी स्वतःहून काहीतरी सांगून बसेल. आणि आईला खोटं लगेच कळतं. किती दिवस पुरणार माझं हे, देव जाणे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला नाही. शेवटी मार्लीननंच लावला.

ब्रिजेट म्हणाली, मंगळवारपासून बाई आल्याच नाहीत. जाताना एवढंच बोलल्या, राहू दे, मी शोधते.

आता मार्लीन कामावरून थेट वृद्धाश्रमात जाते. रात्री कर्मचारी उठवेपर्यंत तिथून हलत नाही. परवा मीही सोबत गेले. दुपारचे चार वाजले होते. वॉल्टर झोपले होते, तब्येत ठीक दिसत होती. आम्ही दोघी खुर्च्यांवर बसलो होतो. 

मग वॉल्टरनी डोळे उघडले.

दाराकडे बघितलं...

आणि हळूहळू, कण्हत, पलंगाच्या एका कडेला सरकले. मोकळ्या झालेल्या बाजूची चादर हातानं नीट केली, कुणाला बसायला जागा करावी तशी.

दारात कुणी नव्हतं. मी नीट पाहिलं, खरंच कुणी नव्हतं.

मार्लीन उठली. गुडघ्यावर हात टेकत पलंगापाशी गेली आणि त्या मोकळ्या जागेवर स्वतःच बसली. मी निघाले तेव्हाही ती तिथेच बसलेली होती.