गिळलेला अ

पहिल्याच ओळीला माझ्या तोंडचं पाणी पळालं.

चष्म्याच्या दुकानातल्या उंच खुर्चीवर मी डावा डोळा झाकून बसले होते आणि समोरच्या तक्त्यावरचं एकही अक्षर मला लागत नव्हतं. नुसती गोलगोल वळणं दिसत होती. सगळ्यात वरचं, चांगलं तळहाताएवढं अक्षरसुद्धा वाचता येईना.

"वाचा ना," चष्मेवाला म्हणाला.

"अहो... काहीच वाचता येत नाहीये हो!" तेवढ्यात मी मनातल्या मनात नोकरी सोडून, पांढरी काठी घेऊन घराबाहेरसुद्धा पडले होते.

त्याने वळून पाहिलं आणि जीभ चावली. "माफ करा! हा आईचा तक्ता. ओडिया अक्षरं आहेत ही. तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही." मग जरा थांबून — "चांगले आहेत डोळे."

हे त्याने तपासून म्हटलं की उगाचच, याचा विचार मी घरी पोचेपर्यंत करत होते.

पण त्याआधी मी आईबद्दल विचारलं. तिने तीस वर्षं तिकडे पहिलीच्या मुलांना अक्षरं शिकवली होती. दोन वर्षांपूर्वी ती मुलाकडे राहायला आली आणि चार महिन्यांपूर्वी अर्धांगाच्या झटक्याने तिची वाचा गेली. "तिला सगळं कळतं," तो काच पुसत म्हणाला, "शब्द ओठापर्यंत येतो आणि तिथेच अडतो."

"मी हेच काम करते. हॉस्पिटलात. वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवते."

"पण तिला तुमची भाषा येत नाही."

"मग तिची मला शिकवा!"

बोलून गेले आणि लगेच घाबरले. हॉस्पिटलात मला 'घाबरट मॅडम' म्हणतात ते काही उगाच नाही. लिफ्ट दोन मजल्यांमध्ये क्षणभर थबकली तरी मी घरच्यांना फोन लावते. आणि इथे मी एक अख्खी भाषा अंगावर घेतली होती.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी, दुकानाच्या वरच्या खोलीत, असं ठरलं. दहा वेळा. दहाच, कारण पाच आठवड्यांनी त्याची ताई येणार होती. तोवर आई एक शब्दही बोलली नाही, तर ताई तिला आपल्या गावी नेणार. तिथे घरात माणसं होती.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"आईला एकटं कसं सोडणार? मीही जाईन. दुकान तिथेही काढता येईल."

किती सहज म्हणाला! मला मात्र ते लागलं. ओळख होऊन अजून तासही झाला नव्हता, म्हणून मी स्वतःला गप्प केलं.

आई खिडकीपाशी बसायची. पांढरे केस घट्ट बांधलेले, उजवा हात मांडीवर निपचित, डावा टेबलावर. तिच्या समोर आम्ही दोघं. तो गुरुजी, मी विद्यार्थिनी.

"कॉ," तो म्हणाला. "ओठ गोल. तुमचा अ सपाट असतो, आमचा असा... गोल."

"कॉ," मी म्हटलं. तो माझ्या ओठांकडे बघत होता. शिकवायचंच होतं म्हणा, पण माझे कान गरम झाले.

"आता काना जोडला की का. वर हे वळण दिलं की कि. खाली दिलं की कु. आणि हे बघा, के. याचं चिन्ह अक्षराच्या आधी लिहायचं."

"उच्चार नंतर आणि चिन्ह आधी?"

"असतात काही माणसं... दारात आधीच येऊन उभी राहतात, बोलतात मात्र उशिरा."

"स्वतःबद्दल सांगताय?"

तो हसला आणि खडू त्याच्या हातून पडला. "को मध्ये दोन्ही बाजूंना चिन्हं," तो टेबलाखालून म्हणाला.

मी टेबलावर ताल धरून बाराखडी म्हणायचे. रोज म्हटलेल्या गोष्टी तालावर लवकर परत येतात. आईचे ओठ हलायचे, कॉ, का, कि... पण आवाज? छे. तिसरी खेप गेली, पाचवी गेली. ती माझ्याकडे बघायची आणि मला वाटायचं, ही मला नापास करतेय.

चुका मी ढीगभर करत होते. सगळ्यात मोठी खोड म्हणजे शब्दाच्या शेवटचा अ गिळायची.

"तुम्ही 'घर' लिहिता आणि 'घर्' म्हणता," तो वैतागायचा. "आमच्याकडे शेवटचं अक्षर पुरतं म्हणायचं. घॉरॉ! मन नव्हे, मॉनॉ! गिळू नका हो, भूक लागलीय का?"

"लागलीय! तासभर झाला."

एकदा मी विचारलं, "'ऐका' कसं म्हणायचं? आईंचं लक्ष वेधायला."

"सुणॉ. याहून मानाचं रूपही आहे, पण लांबलचक. तुम्हाला एवढं पुरे."

मी लगेच त्याच्याकडे वळून म्हटलं, "सुण्!"

त्याने बोलायला तोंड उघडलं... आणि मिटलं. कानाची पाळी चोळत खिडकीबाहेर बघत राहिला. मला वाटलं, चला, एक तरी शब्द जमला! मग काय, जिन्यावरून हाक मारायलाही तोच, तक्ता मागायलाही तोच. सुण्, सुण्, सुण्. प्रत्येक वेळी तो जरा जास्तच पटकन वळायचा.

नववी खेप संपली तरी आई गप्पच होती. जिना उतरताना तो म्हणाला, "तुम्ही खूप केलंत." मला रडू येईल या भीतीने मी त्याच्याकडे बघितलं नाही.

दहाव्या दिवशी खोलीत पाऊल टाकलं तर कॉटवर बॅग उघडी. ताई साड्यांच्या घड्या घालत होती. तक्ता भिंतीवरून उतरवून गुंडाळलेला.

"तुम्हीच त्या? या," ताई म्हणाली. बाई मायाळू, पण कामाला वाघ. "आईनं काही शब्द काढला?"

"अजून... नाही."

"मग आज राहू दे. संध्याकाळी निघायचंय."

तो कपाटाशी पाठमोरा उभा राहून आईच्या औषधांच्या बाटल्या कागदात गुंडाळत होता. वळेचना. मला काहीतरी सांगायचं होतं, आत्ताच, पण काय ते माझं मलाच उमगत नव्हतं. तोंडातून सवयीचा शब्द निघाला.

"सुण्..."

ताईचा हात साडीवरच थांबला. तिच्या भुवया वर गेल्या.

टक्! टेबलावर बोट वाजलं. आईचं, डाव्या हाताचं. पहिलीच्या वर्गात वाजायचं तसंच असणार. तिची नजर थेट माझ्यावर होती. ओठ आवळले, गोल झाले, मान थरथरली...

"सु... णॉ."

बाटली फरशीवर पडून फुटली. कुणी खाली बघितलंसुद्धा नाही.

"सु-णॉ," आई पुन्हा म्हणाली, आता जरा रागावूनच. तो तिच्या पायाशी जाऊन बसला. ताई रडत होती आणि रडता रडता हसायला लागली.

"बरोबर आहे तिचं! अहो, तुम्ही याला 'सुण्' म्हणता? सुणॉ म्हणजे ऐका. सुण् म्हणजे, ए, तू ऐक! असं लहान भावंडाला म्हणतात, नाहीतर अगदी... आपल्या माणसाला."

धरणी दुभंगावी असं वाटलं. इतके दिवस! जिन्यावरून, दुकानातून, गिऱ्हाइकांसमोर!

"तुम्ही सांगितलं का नाही?" मी त्याच्यावर उखडले. "घर सुधारलंत, मन सुधारलंत, आणि हेच...?"

तो आईच्या गुडघ्यावर हात ठेवून खालीच बघत होता. "आईचं बोलणं गेल्यापासून या घरात मला कुणी तू म्हटलं नव्हतं," तो म्हणाला. "तुम्ही म्हणालात... मग सुधारावंसंच वाटेना."

मला एकदम भरून आलं. एवढं साधं, आणि किती दिवस त्याने आत ठेवलं होतं!

ताईने डोळे पुसले. "एका शब्दानं काय होतं, मॅडम? खरं सांगा."

"एका शब्दानं बोलणं येत नाही," मी म्हटलं. खोटी आशा मी कुणालाच देत नाही. "पण चूक ऐकू येणं, ती सुधारणं... याला वेळ द्यायला हवा. हलवू नका त्यांना आत्ता."

ताईने एकदा आईकडे पाहिलं, एकदा भावाकडे, आणि वरची साडी बॅगेतून काढून परत कपाटात ठेवली.

"आणि तू?" तो मला म्हणाला. तू! पहिल्यांदाच. "मघाशी काहीतरी सांगत होतीस. 'ऐक' म्हणालीस आणि थांबलीस."

आईचं बोट टेबलावर तयारच होतं. तरी मी शेवटचा अ गिळला. या वेळी मुद्दाम.

"सुण्," मी म्हटलं. "जाऊ नकोस."

टक्!

"सु-णॉ!" आई म्हणाली, मघापेक्षा कितीतरी स्वच्छ.