शटरजवळची कोरडी पट्टी

माहीत होतं त्यांना, घर विकणाऱ्यांना. आपल्या ड्रायव्हरला रोज रात्री गॅरेजमध्ये झोपवून बाहेरून कुलूप लावत होते. एका सकाळी तो उठला नाही. घर विकताना एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता? नाही सांगितलं. शेजाऱ्यांनीही नाही. सगळे सभ्य लोक. आम्हाला कळलं ते सगळं होऊन गेल्यावर. तो दिवा राहू दे रे लागलेला, आणि ऐका.

घर घेतलं माझ्या मित्राने. शाळेत गणित शिकवायचा, म्हणून आम्ही त्याला मास्तरच म्हणायचो. त्याच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. सोमवारी ती घरी येणार होती, आणि जिना चढणं आता तिला शक्य नव्हतं. खाली होतं फक्त गॅरेज, धूळ सुटणारी काँक्रीटची जमीन असलेलं. मास्तरने ठरवलं, जमिनीला स्वतः रंग द्यायचा, वर सीलरचा, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक लेपाचा थर, की झाली आईची खोली. बायको म्हणाली, अहो, तुमच्या हातून भिंतीत खिळासुद्धा सरळ जात नाही. पण हा कसला ऐकतोय.

गुरुवारी त्याने जमीन अ‍ॅसिडने धुतली. शुक्रवारी तपकिरी रंग फवारला. सगळीकडे छान मुरला. फक्त मागच्या भिंतीशी माणसाएवढी एक लांबट जागा फिकट राहिली. तेल सांडलं असेल, म्हणाला. घासली, पुन्हा फवारलं. रंग बसेना. शेवटी वर खाटच तर येणार, म्हणून सोडून दिलं.

शनिवारी रात्री साडेअकराला सीलर लावायला घेतला. दिवसा जमीन तापते, थराला बुडबुडे येतात. हे काम मागच्या भिंतीपासून सुरू करायचं आणि रोलर ओढत मागे मागे दाराकडे सरकायचं, म्हणजे ओल्यावर पाय पडत नाही. एक वाजून दहा मिनिटांनी शटरजवळ हातभर पट्टी उरली होती. मास्तर तिच्यावर गुडघे टेकून बसला होता. पाठीमागे शटर उघडं.

ते खाली आलं.

आपटलं नाही. सावकाश आलं, कुणीतरी धरून आणल्यासारखं. मग बाहेरची कडी सरकली.

त्याला वाटलं, बायको चेष्टा करतेय. हाक मारली. शटर उचलून पाहिलं. हलेना. सीलरचा वास घशात उतरला. डोकं गरगरायला लागलं. समोर ओली जमीन. तिच्यावर एकही पाऊल नाही. आणि तरी मागच्या भिंतीपाशी... श्वास. घरघरता.

त्याने पाहिलं. फिकट जागा भिंतीशी नव्हती.

मधोमध होती.

डोळे मिटले. उघडले.

अजून जवळ...

"मी नाही लावलं कुलूप," मास्तर म्हणाला. "मी नाही..."

कुणीतरी ऐकत होतं. पटत नव्हतं.

बल्ब गेला.

पहाटे पाचला बायको खाली आली. कडी लागलेलीच नव्हती. शटर एका हाताने वर गेलं. मास्तर पट्टीवर बेशुद्ध पडला होता. वाचला, पण आईला त्याने त्या घराचा उंबरासुद्धा दाखवला नाही. ती परस्पर मास्तरच्या बहिणीकडे गेली.

डॉक्टर म्हणाले, त्या वासाने भास होतात. मलाही तेच वाटलं. म्हणून ज्या दुकानदाराने सीलर विकला होता, त्यालाच मी तिथे घेऊन गेलो. फिकट जागा जिथल्या तिथे, भिंतीशी होती. पण तिच्यापासून शटरपर्यंत ओरखडे होते. चार-चार, ओळीने, ओढत आणलेले. मी म्हणालो, मास्तरच घाबरून खरवडत सुटला असेल.

दुकानदार उकिडवा बसला. एका ओरखड्यावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग ते बोट पँटला पुसत उठला.

"साहेब, थर वरून गुळगुळीत आहे," तो म्हणाला. "ओरखडे त्याच्या खालून आहेत."